वाटेतले निरोप

जुन्या वळणाचा उर्दू बोलणारा दुकानदार रात्री 'दुकान बंद केले' असे म्हणत नाही. 'दुकान बढा दी' असे म्हणतो. जेवण उरकले की दस्तरखान उचलत नाहीत, 'बढाते' हैं. दिवा विझवत नाहीत, चराग 'बढाते' हैं. मराठीतही हीच रीत आहे. घरातल्या बाईची बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायचे. नारळसुद्धा फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. दोन्ही भाषा आपल्या घरच्या, आणि दोघींनीही बंद होण्याला, फुटण्याला वाढण्याचाच शब्द निवडावा, याचे आम्हांला वर्गात शिकवताना नेहमी कौतुक वाटत आले आहे.

अशुभ शब्द टाळावा म्हणून ही योजना, हे उघडच आहे. पण त्यात आणखीही एक शहाणपण असावे. दुकान बढवणे म्हणजे नुसते शटर ओढणे नव्हे. बाहेर मांडलेला माल आत घ्यायचा, गल्ला मोजायचा, उधारीची वही लिहायची, कोणाची वस्तू दुरुस्तीला किंवा ठेवायला आली असेल ती नाव लावून बाजूला ठेवायची, आणि मग कुलूप. बंद करणे हेही एक काम आहे, आणि प्रत्येक कामाप्रमाणे त्यालाही वेळ लागतो. तो वेळ किती द्यायचा, आणि दिलेल्या वेळात काम उरकले नाही तर उरलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आम्हांला तो एका पावसाळी दिवशी शाळेच्या ऑफिसात भेटला, आणि तोही संगणकाच्या रूपाने.

आमची शाळा उर्दू माध्यमाची, विलेपार्ले पश्चिमेला. मुले इर्ल्यातून येतात, नेहरूनगरातून येतात, थोडी अंधेरीकडून. पावसाचा जोर वाढला की इकडे इर्ला नाला तुंबतो, तिकडे मिलन सबवे आणि अंधेरी सबवेत पाणी भरते, आणि मुले घरी पोचवायची कशी हा घोर लागतो. लहान वर्गांतल्या मुलांना आम्ही एकटे सोडत नाही. आई, वडील, मोठा भाऊ, कोणीतरी न्यायला यावे लागते. म्हणून शाळा अवेळी सुटणार असेल तर पालकांच्या मोबाइलवर निरोप गेलाच पाहिजे. त्यासाठी ऑफिसातल्या संगणकावर एक प्रोग्राम बसवलेला होता. सहाशेच्या आसपास नंबर त्यात भरलेले. निरोप लिहायचा, बटण दाबायचे, प्रोग्रामने तो एकेकाला पाठवत राहायचे.

इथे उर्दूची आणि मराठीचीही एक गोची सांगितली पाहिजे. एका एसएमएसमध्ये एकूण १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला त्यातले सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजीची १६० अक्षरे बसतात. उर्दू किंवा देवनागरी अक्षराला सोळा बिट लागतात, म्हणून आपली ७० च बसतात. निरोप त्याहून लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडण्याची खूण प्रत्येकात घालावी लागत असल्याने मग एका तुकड्यात ६७ च उरतात. 'तेज बारिश की वजह से आज स्कूल जल्दी छूटेगा, बच्चों को लेने आइए' एवढे लिहिले तरी ७० ची मर्यादा जवळ येते, आणि अदबीचे आणखी काही शब्द घातले की दोन तुकडे होतात. पालकांनी वाचावे म्हणून उर्दूत लिहायचे तर रांग दुप्पट लांब होणार, आणि ती संपायला वेळही दुप्पट लागणार.

त्या दिवशी दहा चाळीसला निरोप रांगेत लागला. अकराच्या सुमारास पाणी ऑफिसच्या उंबऱ्याला टेकले. संगणकाची पेटी जमिनीवर, प्लगही खालीच. क्लार्कने संगणक बंद करायला घेतला, तेव्हा पडद्यावर सूचना आली की एक प्रोग्राम अजून चालू आहे आणि तो बंद होऊ देत नाही. खाली बटण होते, 'तरीही बंद करा'. पायाशी पाणी असताना कोणीही तेच बटण दाबले असते, आणि तेच दाबले गेले.

एकच्या सुमारास पाऊस ओसरला. संगणक पुन्हा चालू केला, तर प्रोग्रामची रांग रिकामी. कोणाला निरोप गेला आणि कोणाला नाही याची कुठे नोंद नव्हती. तेव्हा सगळ्यांनाच पुन्हा पाठवण्यात आला. याचा परिणाम असा झाला की ज्यांना सकाळीच निरोप मिळून मुले घरी पोचली होती, त्यांना दुपारी तोच निरोप पुन्हा गेला आणि दोन आया धावत शाळेत आल्या. धाकटा घरी आहे, मग हा निरोप थोरल्याबद्दल तर नाही ना, या भीतीने. आणि ज्यांना सकाळी गेलाच नव्हता, त्यांना तो दुपारीच कळला. पाचवीतली एक मुलगी अडीच वाजेपर्यंत फाटकाशी दप्तर डोक्यावर धरून उभी होती. आत ये म्हटले तरी येईना. अब्बा आले आणि मी दिसले नाही तर ते परत जातील, हे तिचे उत्तर. अब्बा रिक्षा चालवतात. त्यांना निरोप दोन वाजता मिळाला होता.

ईदच्या भेटीला आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. अंधेरीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. शीरखुर्मा खाता खाता त्याला हे सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊन प्रोग्रामच्या फायली उघडून बसला आणि तासाभराने म्हणाला, "सर, पाठवण्यात काही चूक नाही. याला फक्त बंद होता येत नाही."

त्याने जे समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो. आपण बटण दाबतो तेव्हा निरोप गेला असे आपल्याला वाटते, पण तो फक्त रांगेत लागलेला असतो. प्रोग्राम रांगेतून एकेक उचलून पुढच्या संगणकाकडे देतो आणि त्याची पोच येण्याची वाट पाहतो. म्हणजे कोणत्याही क्षणी निरोपांचे तीन गट असतात. पोच आलेले, अजून रांगेत असलेले, आणि तिसरे वाटेतले, म्हणजे पाठवले पण पोच आली नाही असे. मोबाइलवरच्या टिकांनी हे आता सर्वांना माहीत झाले आहे. व्हॉट्सअॅपवर एक टिक म्हणजे निरोप कंपनीच्या संगणकापर्यंत गेला, दोन टिका म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला. समोरचा फोन बंद असेल तर कंपनी तो निरोप ३० दिवस सांभाळते आणि मग टाकून देते. म्हणजे तिथेही मुदत आहेच.

आता प्रोग्राम बंद करायचा तर या तिन्ही गटांचा निकाल लावावा लागतो. वाट पाहायची तर किती? या मर्यादेला ते लोक टाइमआउट म्हणतात. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, मोहलत. जी संपेपर्यंत सवलत असते आणि संपल्यावर जाब असतो, ती मोहलत.

जगातल्या मोठमोठ्या प्रोग्रामांनी ही मोहलत निरनिराळी ठरवली आहे, हे ऐकून आम्हांला गंमत वाटली. लिंक्डइन कंपनीत तयार होऊन २०११ साली सर्वांना खुला झालेला काफ्का नावाचा निरोपवाहक आहे. त्यात पाठवणाऱ्याने नुसते 'बंद हो' म्हटले तर तो सारे निरोप मार्गी लागेपर्यंत जवळजवळ अमर्याद थांबतो. पण मोहलत सांगितली तर तेवढाच थांबतो, आणि उरलेले निरोप गेले नाहीत असे मालकाला कळवून बंद होतो. त्याच काफ्काचा निरोप घेणारा भाग मात्र न सांगता ३० सेकंदच थांबतो. झीरोएमक्यू म्हणून दुसरा एक आहे. त्याला काही सांगितले नाही तर तोही मुळात अनंत काळ रेंगाळायला तयार असतो. काफ्का हे नाव लेखक फ्रान्झ काफ्कावरून ठेवलेले. मरणशय्येवरच्या बादशहाचा निरोप घेऊन निघालेला दूत महालाच्या अंगणांमधूनच कधी बाहेर पडू शकत नाही, अशी एक छोटीशी गोष्ट याच काफ्काने लिहिली आहे. निरोप नेणाऱ्या प्रोग्रामला त्याचेच नाव मिळावे हा योग पाहण्यासारखा आहे.

अनंत काळ थांबणे ऐकायला किती इमानदारीचे वाटते! पण घात तिथेच आहे. कारण प्रोग्राम स्वतःच्या घरात राहत नाही, भाड्याने राहतो. त्याच्यावर घरमालक असतो. कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर कुबरनेटीज नावाची व्यवस्था असते. ती प्रोग्रामला आधी 'आवरा' असे सांगते, काही वेगळे ठरवले नसेल तर ३० सेकंद वाट पाहते, आणि मग विचारत नाही, थेट मारून टाकते. डॉकर नावाची दुसरी व्यवस्था साधारण १० सेकंदच देते. आमच्या ऑफिसात घरमालक होता विंडोज, आणि त्याच्याही वर पावसाचे पाणी. प्रोग्राम आत बसून 'सगळे गेल्याशिवाय मी उठणार नाही' म्हणत होता, आणि बाहेरून त्याचा गळा धरला गेला. तो ३० सेकंदांत उठायला तयार असता, तर त्या ३० सेकंदांत काही निरोप गेले असते आणि उरलेल्यांची यादी तरी लिहून झाली असती. अमर्याद वाट पाहण्याच्या हट्टापायी त्याने दोन्ही गमावले. म्हणून या धंद्यातला नियम असा की आतली मोहलत बाहेरच्या मोहलतीपेक्षा कमी असली पाहिजे. मालकाने ३० सेकंद दिले तर आपण २० त आटपायचे आणि १० हिशेब लिहायला राखायचे.

आमच्या विद्यार्थ्याने दुसरी गोष्ट सांगितली ती आम्हांला पहिल्यापेक्षाही मोलाची वाटते. मोहलत संपली याचा अर्थ निरोप गेला नाही असा नव्हे. मोहलत संपली याचा अर्थ एवढाच की आपल्याला ठाऊक नाही. निरोप पोचला असेल आणि पोच वाटेत हरवली असेल. किंवा निरोपच हरवला असेल. पाठवणाऱ्याच्या जागेवरून दोन्ही सारखेच दिसतात.

आम्ही नववीच्या वर्गात याचा खेळ करून पाहिला. दोन तुकड्या दोन खोल्यांत बसवल्या. दोघींनी एकाच वेळी टाळी वाजवायची, पण वेळ ठरवायची ती चिठ्ठीनेच, आणि व्हरांड्यात उभा असलेला मुलगा वाटेल ती चिठ्ठी जप्त करू शकतो. पहिल्या तुकडीने लिहिले, 'साडेदहाला'. दुसरीने लिहिले, 'मिळाले'. आता दुसरीला शंका, आपले 'मिळाले' पोचले का? म्हणून पहिलीने लिहिले, 'तुमचे मिळाले ते मिळाले'. मग पहिलीला तीच शंका. सात चिठ्ठ्यांनंतर मुले स्वतःच म्हणाली, सर, हे कधी संपणारच नाही. अगदी बरोबर. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. १९७५ साली तो प्रथम मांडला गेला आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिले. वाट बेभरवशाची असेल तर कितीही पोचा देऊन दोघांनाही पुरती खात्री कधीच होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. वाट पाहून खात्री मिळत नसेल तर वाट कुठेतरी थांबवावीच लागते, आणि थांबवताना उरलेली शंका लिहून ठेवावी लागते.

ईमेलच्या जगाने हे फार पूर्वी अनुभवले. पत्र घेणाऱ्या संगणकाने पत्र घेतले, पण 'मिळाले' म्हणायला उशीर केला. पाठवणाऱ्याची मोहलत संपली, त्याने तेच पत्र पुन्हा पाठवले, आणि लोकांना एकच पत्र दोनदा, तीनदा मिळू लागले. यावर १९८८ साली एक टिपण निघाले. २००८ सालच्या नियमांत या शेवटच्या पोचेसाठी १० मिनिटे थांबावे असे सांगितले आहे. पत्र जातच नसेल तर साधारण चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहावे आणि मग पाठवणाऱ्याला कळवावे, असेही त्यात आहे. आमच्या त्या दोन आया दुपारी धावत आल्या, त्यांचे दुखणे याच जातीचे. उपायही ईमेलवाल्यांनी आणि इतरांनी शोधलेला आहे. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवायचा, म्हणजे घेणारा ओळखतो की हा आधीच आला आहे, आणि दुसरा बाजूला टाकतो.

आता एक संपूर्ण सेवा बंद होतानाचे उदाहरण पाहा. आपल्या देशात तार १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान प्रयोग म्हणून सुरू झाली. भारत संचार निगमने ती १५ जुलै २०१३ पासून बंद केली. मुंबईकरांना हुतात्मा चौकाजवळचे मध्यवर्ती तारघर आठवत असेल. आपल्या मोहल्ल्यांत तार म्हणजे मौतीची खबर हेच समीकरण होते. तारवाला गल्लीत शिरला की पाकीट उघडण्याआधी बायका रडू लागत. ही सेवा बंद करताना कोणी एका रात्री तारा कापल्या नाहीत. महिनाभर आधी जाहीर केले. १४ जुलै, रविवार, हा तार स्वीकारण्याचा अखेरचा दिवस ठरवला. त्या दिवशी घेतलेल्या तारा दुसऱ्या दिवशी पोचत्या करण्यात आल्या. नोंदवह्या आणि पोचेच्या चिठ्ठ्या पुढे सहा महिने सांभाळून ठेवायचा हुकूम होता, म्हणजे कोणी विचारायला आला तर उत्तर देता यावे. आधी नवे घेणे थांबवायचे, मग घेतलेले पोचवायचे, त्याला मुदत घालायची, आणि मागे हिशेब ठेवायचा. आमचा विद्यार्थी प्रोग्राम बंद करण्याची जी रीत सांगत होता, ती हीच. टपाल खात्याचेही तसेच आहे. ज्या पत्राचा मालक सापडत नाही ते फेकत नाहीत, त्यासाठी वेगळे ऑफिस असते. त्याला पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणत, पुढे रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. निरोपांच्या प्रोग्रामांत न पोचलेल्या निरोपांच्या कप्प्याला आजही 'डेड लेटर'ची रांगच म्हणतात.

हे सगळे ऐकताना आमच्या मनात मात्र दुसरीच एक रात्र घोळत होती. ज्या वाचकांनी सीरतची पुस्तके वाचली आहेत त्यांच्याही मनात ती आलीच असेल. इ. स. ६२२ ची हिजरतची रात्र. मक्केतले लोक हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांना मानोत न मानोत, आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे ठेवत, कारण ते अमीन होते. त्याच लोकांनी त्यांच्या जिवावर उठावे आणि घराला वेढा पडावा. अशा वेळी बाहेर पडणाऱ्याने अमानतींचा विचार करावा अशी अपेक्षा कोण करील? पण सीरतकार सांगतात की हजरत अली (रजि.) यांना त्या रात्री मागे ठेवण्यात आले. ते तीन दिवस मक्केत राहिले, ज्याची अमानत त्याला पोचती केली, आणि मग मदीनेच्या वाटेला लागून कुबा इथे जाऊन मिळाले.

कोठे ती हिजरत आणि कोठे शाळेच्या ऑफिसातला संगणक! तुलना करण्याचा बेअदबीपणा आमच्या मनात नाही. पण बोध घ्यायला काही हरकत नसावी. अमानती परत करायच्या आहेत म्हणून निघणे लांबवले गेले नाही. कारण वेळ आपल्या हातात नव्हती. आणि निघायचे आहे म्हणून अमानती सोडूनही दिल्या गेल्या नाहीत. उरलेले काम एका भरवशाच्या माणसाच्या हाती सोपवले गेले. घाई आणि इमानदारी यांच्यात निवड करावी लागते असे आपण उगाच समजतो. निवड करावी लागते ती उरलेले काम कोणाच्या हाती द्यायचे याची. निरोप हीदेखील अमानतच आहे. कोणीतरी म्हणतो, 'एवढे माझ्या घरी सांगा'. आपण 'हो' म्हटले की तो आपल्या जिम्म्यात आला.

आपल्या रोजच्या इबादतीतही मोहलतीचे हे भान आहे. मशिदीत वेळांचा तक्ता असतो, त्यात अजानची वेळ वेगळी आणि जमातची वेगळी. मधल्या वेळात लोक येतात, वजू करतात. पण जमातची वेळ झाली की इमाम कोणासाठी थांबत नाही, आणि त्याने थांबावे असे कोणी म्हणतही नाही, कारण वेळ सर्वांना आधीपासून ठाऊक असते. जो उशिरा आला तो मधून सामील होतो आणि इमामच्या सलामनंतर आपल्या राहिलेल्या रकाती स्वतः पुऱ्या करतो. त्याची नमाज बुडत नाही. घरात मौत झाली की हाच प्रश्न फार कठीण होऊन समोर येतो. मुलगा आखातात आहे, विमान मिळाले की नाही माहीत नाही, फोन लागत नाही. मय्यत लवकर उचलावी असा आपला दस्तूर. किती थांबायचे? तेव्हा मोहल्ल्यातले बुजुर्ग बसून 'जोहरपर्यंत पाहू' असे ठरवतात, आणि जोहरनंतर निघतात. मुलगा आला नाही तर तो नंतर कबरीवर जाऊन दुवा करतो. असे निर्णय घेणारा समाज संगणकाकडून काही नवे शिकत नाही, आपलेच आठवतो.

मात्र सगळ्याच गोष्टींना मोहलत लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पार्ले तिथून हाकेच्या अंतरावर. आम्ही तेव्हा नववीत होतो. फोन लागेनासे झाले. आमच्या वर्गाच्या आपांनी हजेरीचे रजिस्टर उघडले आणि ज्या मुलाला कोणी न्यायला आले, त्याच्या नावापुढे कोण आले आणि किती वाजता ते लिहू लागल्या. अंधार पडला तेव्हा अकरा नावे उरली होती. रात्रभर त्या अकरा मुलांबरोबर त्या शाळेतच थांबल्या. शेवटच्या मुलीचे वालिद दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेव्हा त्यांनी तिच्या नावापुढे वेळ लिहिली आणि मगच रजिस्टर मिटले. तेव्हा त्यांनी कोणतीही मुदत ठरवली नव्हती, आणि मुलांच्या बाबतीत ती ठरवायचीही नसते. निरोपाला मुदत लावता येते ती याचसाठी की निरोप दुसऱ्या वाटेने पाठवता येतो. मूल दुसऱ्या वाटेने पाठवता येत नाही. मोहलत ठरवताना आपल्या हातात निरोप आहे की मूल, हे आधी पाहावे. रजिस्टर मात्र दोहोंना हवे.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या विद्यार्थ्याने शाळेसाठी नवा छोटा प्रोग्राम लिहून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. बंद करा म्हटले की तो आधी नवे निरोप घेणे थांबवतो. मग पडद्यावर मोठ्या आकड्यांत किती उरले ते दाखवतो आणि दोन मिनिटे रांग पुढे रेटतो. पाणी, वीज, जे काही असेल ते दोन मिनिटेही देत नसेल तर दुसरे बटण आहे. ते दाबले की तो पाठवणे तिथेच थांबवून थेट यादी लिहितो आणि बंद होतो. नाही म्हणायला, प्रत्येक निरोप पाठवण्याआधीच त्याची नोंद तो फायलीत करतो, म्हणजे अचानक वीज गेली तरी रांग हरवत नाही. पुन्हा चालू झाला की पहिल्यांदा तीच यादी समोर ठेवतो.

या यादीवरून शाळेत थोडा वादही झाला. यादीत तीन रकाने आहेत. गेले, गेले नाहीत, आणि ठाऊक नाही. एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की तिसरा रकाना कशाला? पालकांनी विचारले तर 'ठाऊक नाही' हे शाळेला शोभत नाही. एक तर गेले म्हणा, नाही तर नाही म्हणा. आम्ही त्या वेळी एवढेच म्हटले की फाटकाशी उभी असलेली ती मुलगी याच रकान्यातली होती. आपल्याला ठाऊक नाही हे आपल्याला ठाऊक असते, तर कोणीतरी तिच्या अब्बांना अकरा वाजता फोन केला असता. रकाना राहिला.

यंदा जुलैत पुन्हा एक दिवस शाळा लवकर सोडावी लागली. वीज दोनदा गेली. क्लार्कने यादी छापून घेतली. दुसऱ्या रकान्यात चौदा नावे होती, तिसऱ्यात नऊ. शिक्षकांनी नावे वाटून घेतली आणि आपापल्या मोबाइलवरून फोन लावले. नवांपैकी सहा जणांनी सांगितले की निरोप केव्हाच मिळाला, आम्ही निघालो आहोत. तिघांना मिळाला नव्हता. सव्वाबाराला शेवटचे मूल गेले, क्लार्कने तिन्ही रकान्यांपुढे खुणा केल्या, कागद फायलीत लावला, आणि मग संगणक बंद केला.